पोकळ भिंत व तिजवरील फळी

पुण्याहून एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या नव्या बिऱ्हाडांत दोन खोल्यांमधील भिंत विटांची नसून जिप्समच्या पाट्यांची आहे, तिजवर पुस्तकांची फळी बसवावयाची आहे, आणि हार्डवेअरचा दुकानदार चार-पांच तऱ्हेचे खिळे व अँकर पुढें टाकून "यांतलें कोणतें देऊं?" असें त्यांनाच विचारतो. तर यांतील कोणतें घ्यावें, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न दोन ओळींचा खरा. परंतु त्याचें उत्तर देण्याचा अधिकार मला ज्या रीतीनें प्राप्त झाला ती हकीकत सांगितल्यावांचून उत्तर पुरें व्हावयाचें नाहीं. हा अधिकार मला फजितीनें मिळालेला आहे.

मास्तरकीचीं छत्तीस वर्षें संपवून घरीं बसलेल्या माणसास दोन व्यसनें जडतात. एक, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणें. आणि दुसरें, घरांतील मोडतोड आपण स्वतः दुरुस्त करूं शकतों असें समजणें. पहिल्यापासून कोणास इजा होत नाहीं.

आमचें सटाण्याचें घर जुनें आहे. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर धाबें. डांगचें जंगल बागलाणास पश्चिमेकडून लागूनच असल्यामुळें या बाजूच्या जुन्या घरांना सागाची वाण कधीं पडली नाहीं. अशा घरांत कोनाडे, देवळ्या व फडताळें हीं भिंतीच्या पोटांतच असत. वस्तु भिंतीवर टांगण्यापेक्षां भिंतींत ठेवण्याकडे त्या घरांचा कल. गेल्या वर्षीं माझा थोरला नातू दहावीच्या वर्गांत गेला, आणि दार लावून अभ्यासास बसतां येईल अशी जागा त्यास हवी झाली. माजघर मोठें आहे. त्याचा एक भाग तोडून खोली करावी, असें ठरलें. विटांची भिंत घालावी तर तिला पाया खणावा लागतो, सगळी फरशी उखडावी लागते, आणि पुढेंमागें ती काढावयाची म्हटली तर पुन्हा तोच खटाटोप. धाकटा मुलगा नाशिकास नोकरीस असतो. त्यानें जिप्समच्या भिंतीची तोड सुचविली. मार्गशीर्षांत यशवंतराव महाराजांच्या यात्रेस पाहुणे येतात, त्यापूर्वीं काम उरकावें म्हणून नाशिकहून दोन कारागीर आले. त्यांनीं पत्र्याच्या पन्हळीदार पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, त्यास दोन्ही बाजूंनीं पांढऱ्या पाट्या स्क्रूंनीं आंवळल्या, सांध्यांवर कागदी फीत लावून लांबी भरली, आणि दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भिंत तयार झाली. खोलीस उजेड यावा म्हणून बाहेरच्या जुन्या भिंतींत गवंड्याकडून एक खिडकीहि पाडून घेतली.

आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सर्व लहानथोर दादा म्हणतात, ते आज पंचाहत्तर वर्षांचे आहेत. "घरांत भिंत घातली" या शब्दांचा एकत्र कुटुंबांत काय अर्थ होतो हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दोन भावांच्या माजघरांत भिंत उभी राहिली कीं तिच्या मागोमाग दुसरी चूल येते, असा आमच्या पिढीनें पुष्कळ घरीं पाहिलेला अनुभव. ही भिंत वाटणीची नसून पोराच्या अभ्यासाची आहे हें दादांस पुरतेपणीं ठाऊक होतें. तरीहि त्या संध्याकाळीं ते पानावर बसले, जेवले, पण एक शब्द बोलले नाहींत.

त्यांच्या मनांतील ही सल काढावी म्हणून मीं एक युक्ति योजिली. आमचे वडील संस्कृताचे व्यासंगी होते. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश, जो प्रथम १८९० सालीं प्रसिद्ध झाला, त्याची त्यांनीं जपून वापरलेली प्रत, काव्यग्रंथ, पंचांगें, पोथ्या, असा त्यांचा संग्रह आजवर एका ट्रंकेंत पडून होता. तो संग्रह दोघां भावांचा. तो बाहेर काढून दादांच्या बाजूस, याच भिंतीवर फळी करून मांडावा. म्हणजे जी भिंत दोघांच्या मध्यें आली असें त्यांस वाटतें तीच दोघांची ठेव सांभाळील, असा माझा बेत.

फळी तीन फूट लांब व एक फूट रुंद घेतली. तिच्याखालीं चार इंच उंचीचीं दोन लोखंडी ब्रॅकेटें. विटांच्या भिंतीस लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या घरांत होत्याच. ड्रिलनें भोंकें पाडलीं तेव्हां भिंत इतकी सहज भेदली गेली कीं मला माझ्या हाताच्या कसबाचेंच कौतुक वाटलें. गिट्टी तर बोटानें ढकलतांच आंत गेली. वास्तविक मीं तेथेंच थांबावयास हवें होतें. उत्तर अपेक्षेहून सोपें आलें कीं पुन्हा ताळा पहावा, असें गणिताच्या तासास मीं मुलांना शेंकडों वेळां सांगितलें असेल.

फळी अकरा दिवस राहिली. बाराव्या रात्रीं तीनच्या सुमारास असा आवाज झाला कीं शेजारचींहि माणसें जागीं झालीं. दिवा लावून पाहतों तों फळी, पुस्तकें व पांढरा चुरा, सर्व जमिनीवर. आणि आपट्यांचा कोश एका लहान उशीवर आडवा पडलेला. ती उशी माझ्या चार वर्षांच्या नातीची. रोज रात्रीं दादांजवळ गोष्ट ऐकतां ऐकतां ती तेथेंच झोंपते. त्या रात्रीं ती आपल्या आईबरोबर आजोळीं, नामपुरास, गेलेली होती.

याहून अधिक मला लिहवत नाहीं. दादांनीं कोश उचलला, पंचानें पुसला, उशीकडे पाहिलें, आणि एवढेंच विचारलें, "अरे, ठोकण्यापूर्वीं भिंतीला विचारलें होतेंस का?"

भिंतीला काय विचारावयाचें तें मग मीं शिकलों. तेंच येथें सांगतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहिलें तर एकहि स्क्रू वांकलेला नव्हता आणि एकहि ब्रॅकेट तुटलेलें नव्हतें. गिट्ट्या जशाच्या तशा स्क्रूंस चिकटून बाहेर आल्या होत्या, व त्यांच्याबरोबर भिंतीचे लपके निघाले होते. गिट्टीचें काम कसें चालतें हें समजलें म्हणजे यांतील कारण कळतें. विटेंत किंवा काँक्रीटमध्यें भोंक पाडून त्यांत गिट्टी बसविली आणि तींत स्क्रू पिळला कीं गिट्टी फुगते व भोंकाच्या अंगावर चोहोंकडून दाब देते. त्या दाबानें जें घर्षण उत्पन्न होतें तेंच स्क्रूस धरून ठेवतें. ही कल्पना इंग्लंडांतील जॉन जोसेफ रॉलिंग्ज या गृहस्थांची. ब्रिटिश म्यूझियमच्या भिंतींस फारशी इजा न करतां विजेचीं उपकरणें बसवावयाचीं होतीं. त्या निमित्तानें १९१० च्या सुमारास त्यांनीं तागाचे तंतू प्राण्यांच्या रक्तानें चिकटवून केलेली गिट्टी काढिली. आपल्याकडील जुने मिस्त्री "रॉल प्लग" म्हणतात तो शब्द त्यांच्याच नांवावरून आलेला आहे. पुढें १९५८ सालीं जर्मनींतील आर्टुर फिशर यांनीं नायलॉनची गिट्टी तयार केली, व आजच्या गिट्ट्या तिच्याच वंशांतील होत.

या सर्व वंशास एक गोष्ट अवश्य लागते. ती ही कीं, गिट्टी फुगल्यावर तिला दाबावयास चोहोंकडे भरीव द्रव्य असावें. जिप्समची पाटी सामान्यतः साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच जाडीची असते, आणि तिच्यामागें असते हवा. चार सेंटिमीटर लांबीच्या गिट्टीचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग त्या हवेंत लोंबत राहतो, व उरलेला भाग ज्यास दाबतो तें द्रव्य खडूसारखें ठिसूळ. अकरा दिवस ती फळी कशी राहिली याचेंच आतां नवल वाटतें.

जिप्सम म्हणजे आपल्या वैद्यांची गोदंती. गाईच्या दांतासारखी शुभ्र, म्हणून तें नांव. रसायनशास्त्राच्या भाषेंत तें कॅल्शियम सल्फेट असून त्यांत वजनाच्या सुमारें एकपंचमांश पाणी बद्ध स्थितींत असतें. तें दीडशें अंशांच्या आसपास तापविलें कीं त्यांतील पाऊण हिस्सा पाणी उडून जातें व जी पूड उरते तिला प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणतात. या पुडींत पुन्हा पाणी कालविलें कीं ती घट्ट होऊन बसते. आपल्या देशांत हें खनिज मुख्यत्वें राजस्थानांत, बिकानेर, नागौर या भागांत, सांपडतें. ही लापशी दोन जाड कागदांच्या मध्यें ओतून पाटी तयार करतात. अशा पाटीचा आद्य प्रकार अमेरिकेंत ऑगस्टीन सॅकेट यांनीं काढून १८९४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पाटीचें पुष्कळसें बळ त्या कागदांत असतें, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत येते. कागद अखंड आहे तोंवर पाटी वांकण्यास विरोध करते. कागद फाटला कीं आंत नुसता खडू. यास्तव या भिंतींत भोंक पाडतांना ड्रिल ठोकत्या चालीवर ठेवूं नये, भोंक मापाहून मोठें करूं नये, आणि शेवटीं जोर लावून स्क्रूचें डोकें कागदांत रुतवूं नये. पाण्याशीं तर या पाटीचें हाडवैर आहे. गळत्या छपराखालीं किंवा न्हाणीघराच्या लगत साधी पाटी असेल तर तिजवर भार टाकण्याचा विचारच सोडावा.

मग या भिंतीवर कांहीं टांगावयाचेंच नाहीं काय? खुशाल टांगावें; पण प्रथम तिचें हाड शोधावें. आमच्या आळींत एक वृद्ध सुतार आहेत. त्यांनीं उभ्या जन्मांत अशी भिंत पाहिली नव्हती. तरी बोटांच्या पेरांनीं ती वाजवीत वाजवीत ते डावीकडून उजवीकडे चालत गेले, एका जागीं थांबले, दोन बोटें मागें आले, आणि आपल्या अहिराणींत म्हणाले, "गुरुजी, आठे पोकय शे, तठे हाड शे." येथें पोकळ आहे, तेथें हाड आहे. नातवास ही परीक्षा पुरेशी शास्त्रीय वाटली नाहीं. त्यानें एक लोहचुंबक दोऱ्यास बांधून भिंतीजवळ धरला. पाटी सांगाड्यास आंवळणाऱ्या स्क्रूंचीं डोकीं लांबीखालीं जेथें जेथें लपलीं होतीं तेथें तेथें चुंबक भिंतीकडे ओढला जाऊं लागला. त्या खुणा पेन्सिलीनें केल्यावर एकाखालीं एक अशा उभ्या ओळी उमटल्या. दोन ओळींमधील अंतर दोन फूट भरलें. आणि सुतारांनीं दाखविलेलें हाड नेमकें त्यांतल्याच एका ओळीवर होतें.

आपल्याकडे पत्र्याच्या सांगाड्यांत हें अंतर बहुधा साठ सेंटिमीटरांच्या आसपास असतें. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं तेथील घरें पाहिलींच असतील. तेथें घरांतील आंतल्या भिंती बहुतेक याच जातीच्या, सांगाडा पुष्कळदां लांकडी, आणि हाडांमधील अंतर बहुधा १६ इंच. लांकडी हाडांत लांब लांकडी स्क्रू उत्तम धरतो. आपल्याकडील हाड मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याचें असल्यामुळें त्यांत स्क्रूचा एखाददुसरा आटाच पकड घेतो. हलक्या फळीस तेवढें पुरतें. पुस्तकांस पुरेलच असें नाहीं. आणखी एक सावधगिरी: या पोकळींतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. यासाठीं विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा सरळ खालीं ड्रिल चालवूं नये.

आतां थोडें गणित. फळीवरील भार केवळ खालीं दाबतो अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः तो फळीस पुढच्या बाजूस झुकवितोहि. ब्रॅकेटचें खालचें टोंक भिंतीस टेकलेलें राहतें व वरचा स्क्रू भिंतींतून बाहेर ओढला जातो. ही ओढ काढण्याची रीत सोपी आहे. एकंदर भारास फळीच्या निम्म्या रुंदीनें गुणावें आणि ब्रॅकेटच्या उभ्या उंचीनें भागावें. मध्यम आकाराच्या बांधीव पुस्तकांची फूटभर रांग मीं तोलून पाहिली. ती नऊ किलो भरली. तीन फुटांचे सत्तावीस व फळीचे स्वतःचे तीन, मिळून भार ३० किलो. माझी फळी १२ इंच रुंद, म्हणून निम्मी रुंदी ६. ब्रॅकेट ४ इंच उंच. तीसास सहांनीं गुणून चारांनीं भागिलें तर ४५ किलो. म्हणजे प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूंस साडेबावीस किलोंची ओढ, आणि ती खालच्या दाबाहून वेगळी. हीच पुस्तकें ८ इंच रुंदीच्या फळीवर व १० इंच उंचीच्या ब्रॅकेटांवर ठेविलीं असतीं, तर तीसास चारांनीं गुणून दहांनीं भागावयाचें. ओढ आली १२ किलो, प्रत्येकीं अवघे सहा. भार तोच, भिंत तीच. पण ओढ पावपटीच्या जवळ आली. दुकानांत खिळ्यांची चौकशी सर्व करतात. ब्रॅकेटची उंची कोणी विचारीत नाहीं.

आतां त्या दुकानदारानें पुढें टाकलेल्या वस्तूंकडे वळूं. पोकळ भिंतीपुरते त्यांचे चार वर्ग होतात. पहिला वर्ग साध्या गिट्टीचा. तिची हकीकत वर आलीच आहे, आणि ती या भिंतीस वर्ज्य समजावी. दुसरा वर्ग रुंद आट्यांच्या मळसूत्री अँकरचा. हा प्लॅस्टिकचा किंवा धातूचा असून थेट पाटींतच पिळून बसवितात व मग त्यांत स्क्रू घालतात. बसविण्यास हा सर्वांत सोपा. पण त्याची पकड पाटीच्या अर्ध्या इंचापुरतीच असल्यामुळें लहान तसबीर, घड्याळ, किल्ल्यांची पट्टी यांपलीकडे त्यावर विसंबूं नये.

तिसरा वर्ग धातूच्या पसरणाऱ्या अँकरचा. हा भोंकांतून आंत घालून स्क्रू पिळला कीं पाटीच्या पाठीमागें त्याचे पाय छत्रीच्या काड्यांप्रमाणें दुमडून पसरतात. पुढें स्क्रू काढला तरी अँकर जागचा हालत नाहीं, ही याची मोठी सोय. आरसा किंवा लहान फळी यांस हा योग्य. मात्र पाटीची जाडी व मागील पोकळीची खोली पाहून त्याचें माप घ्यावें लागतें. चौथा वर्ग पंखांच्या बोल्टचा, ज्यास बाजारांत टॉगल किंवा बटरफ्लाय असें म्हणतात. स्प्रिंगचे दोन पंख मिटून ते भोंकांतून आंत सारावयाचे. आंत जातांच ते उघडतात आणि पाटीच्या पाठीशीं आडवे बसतात. यास भोंक मोठें लागतें, आणि बोल्ट पुरता काढला तर पंख पोकळींत पडून जातात. तथापि या चौघांत सर्वांत अधिक भार हाच घेतो. कारण तो भार पाटीच्या पुष्कळ अधिक क्षेत्रावर पसरून देतो.

पाकिटावर वजनाचा आंकडा छापलेला असतो. तो किती जाडीच्या पाटीसाठीं आहे, खालच्या दाबाचा आहे कीं बाहेरच्या ओढीचा, हें आधीं वाचावें. आणि तो पकड सुटण्याच्या वेळचा आंकडा असेल तर त्याचा चौथा हिस्साच आपल्या हिशोबांत धरावा. घरांतील फळीवर भार रात्रंदिवस असतो, खडू हळूहळू दबत जातो, आणि मुलें फळीस लोंबकळतात.

हे पंखांचे बोल्ट नाशिकहून आल्यावर मीं दादांस दाखविले. त्यांनीं एक हातांत घेऊन त्याचे पंख दोन-तीन वेळां मिटले व उघडले; मग उठून मागील ओसरीवर गेले आणि एक जुनी खुंटी घेऊन आले. खिडकी पाडतांना गवंड्यानें भिंतींतून काढलेली ती खुंटी त्यांनीं ठेवून दिली होती हें मला ठाऊकच नव्हतें. बाहेर दिसणारा भाग वीतभर. भिंतीच्या पोटांतला भाग हातभर, आणि त्याच्या आंतल्या टोंकास भोंक पाडून सागाची एक आडवी चीप घातलेली. खुंटी बाहेर ओढली जाऊं लागली कीं त्या चिपेनें आंतल्या मातीस आडवें धरावें, अशी योजना. "आजोबांच्या वेळचें काम," दादा म्हणाले. "घोड्याचें खोगीर टांगलें तरी हालत नसे."

मातीची भिंतहि ठिसूळच. तिजवर मागाहून खिळा ठोकला तर भगदाड पडावयाचें. म्हणून आमच्या पणज्यांच्या घरांत भिंत चढवितांनाच खुंटी चिणून घेतली होती. नव्या भिंतीचा रोग जुनाच आहे, आणि त्याचें औषधहि आमच्या घरीं भिंतींतच होतें: पाठीमागून आणि रुंद अंगानें धरावें. भिंत आल्यापासून त्या दिवशीं प्रथमच दादा तिच्याविषयीं आपण होऊन बोलले. पुढचें काम त्यांच्या देखरेखीखालीं झालें.

तें असें. फुटलेला भाग नाहींतरी बदलावयाचाच होता. त्या निमित्तानें पाटी कापून काढली, आणि पोकळींत, दोन हाडांच्या मध्यें, अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची एक रुंद आडवी पट्टी दोन्ही हाडांस नीट आंवळून बसविली. तिजवर पुन्हा जिप्समची पाटी. आतां ब्रॅकेटचा स्क्रू पाटी भेदून मागील प्लायवुडांत पुरता उतरतो. भार प्लायवुडाकडून हाडांवर व हाडांकडून जमिनीवर जातो. पाटीनें फक्त मध्यें असावें. ज्यांची भिंत अद्याप व्हावयाची आहे त्यांनीं कारागिरास आधींच सांगून हव्या त्या उंचीवर अशी पट्टी घालून घ्यावी. त्या वेळीं तें काम थोडक्यांत होतें. तांदुळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या यांसारखें खरें जड सामान मात्र जमिनीवर उभ्या असलेल्या मांडणीवरच असूं द्यावें. ती पुढें कलंडूं नये एवढ्यापुरतें तिला भिंतीस अडकवावें. आणि निजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर, भिंत मातीची असो, विटांची असो वा पाट्यांची असो, जड फळी कधींच करूं नये. हा नियम मला आधीं ठाऊक नव्हता असें नाहीं. आमची नवी फळी आतां भिंतीच्या दुसऱ्या टोंकास, जेथें कोणी निजत नाहीं, तेथें आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं स्थूणानिखनन नांवाचा एक न्याय सांगितला आहे. खांब पुरतांना तो पुन्हा पुन्हा हालवून पाहतात व अधिक पक्का करीत जातात. तसा सिद्धान्तहि शंका घेऊन घेऊन दृढ करावा, असा त्याचा आशय. छत्तीस वर्षांत हा न्याय मीं कितीदां तरी समजावून सांगितला. त्यांतील खांब खराखुरा हालवून पाहण्याचा प्रसंग मात्र आतां आला. नव्या फळीवर आम्हीं प्रथम वाळूच्या पिशव्या ठेविल्या. ३० किलोंच्या जागीं ६० किलो, आणि तेहि आठ दिवस. खालीं कोणास बसूं दिलें नाहीं. ब्रॅकेटांच्या वरच्या कडेस पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेविली व रोज सकाळीं ती पाहिली. आठव्या दिवशीं रेघ होती तेथेंच होती. मग पुस्तकें चढलीं. कोश सर्वांत शेवटीं, दादांच्या हातानें.

तात्पर्य, पुण्याच्या भगिनींस माझें उत्तर असें कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं त्यांनीं भिंत वाजवावी व चुंबक फिरवावा. फळीचीं ब्रॅकेटें हाडांवर येत असतील तर फळी अरुंद व ब्रॅकेटें उंच घेऊन थोडीं, हलकीं पुस्तकें ठेवावीं. हाड योग्य जागीं नसेल तर त्याहून हलक्या सामानासाठीं पंखांचे बोल्ट घ्यावे. पुस्तकें फार असतील तर आंत प्लायवुड घालून घ्यावें, नाहींतर जमिनीवरचें कपाट करावें. आणि कांहींहि केलें तरी आठ दिवस दुप्पट भार ठेवून पाहिल्यावांचून फळीखालीं कोणास बसूं देऊं नये.

नात नामपुराहून परत आली. तिला त्या रात्रीचें कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. भिंतीवरची पेन्सिलीची रेघ कशाची, एवढें तिनें विचारलें, तेव्हां दादांनीं तिला भिंत वाजवून पोकळ कोठें आणि हाड कोठें तें ऐकावयास शिकविलें. आतां रोज रात्रीं साडेदहास दादा त्या भिंतीवर दोन टिचक्या मारतात. पलीकडून नातू एक मारतो. त्याचा अर्थ, अभ्यास चालू आहे, दादा, तुम्ही निजा. विटांच्या भिंतींतून ती टिचकी ऐकूं आली नसती.